दुर्लक्षावर वाढणारं झाड

या, असे जवळ सरकून बसा. बुवांची गाडी रतलामला अडकली होती, ती आता येईल, पेटीवाला अजून पानाला चुना लावतो आहे, म्हणजे कीर्तन उभं राहायला अर्धापाऊण तास सहज जाईल. तेवढ्यात तुम्हांला आमच्या उज्जैनीतल्या एका सज्जनाचं आख्यान सांगतो. यात राक्षस नाही, शाप नाही, उःशाप नाही. एक काटेरी झाड आहे, एक सरकारी कचेरी आहे, आणि ज्याच्या हातून दुर्लक्ष म्हणून कधी झालंच नाही असा एक बाप आहे. ऐका तर मग.

श्रीपादराव भालेराव म्हणजे जुन्या दफ्तराच्या कचेरीतले कारकून आणि आमच्या कीर्तन मंडळाचे चिटणीस. माणूस कसा, तर बुवांना ठसका लागला की यांच्या डोळ्यांत पाणी. दारात गाय आली तर तिला पोळी घालून थांबत नसत, पोळीबरोबर लोणचं चालेल का म्हणून विचारत. असा माणूस प्रपंचात चांगलाच, पण बागकामात फार घातकी. हे मात्र पंचावन्न सालच्या दिवाळीपर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवाळीत त्यांची मुलगी रजनी नागपूरहून सुट्टीला आली ती बांबूच्या पाच नळ्या मांडीवर घेऊन. ती तिथे वनस्पतिशास्त्र शिकत होती. नळ्यांत पाच रोपं होती. इंग्रजीत त्याला सी हॉली म्हणतात. विलायतेत समुद्रकाठच्या वाळूत उगवणारं, बारमाही, पानापानाला काटा, आणि फूल म्हणाल तर निळंशार, देठासकट निळं, भोवती काट्यांची झालर. रजनीच्या प्रोफेसरांनी कुठून तरी बी मागवलं होतं. हे झाड आपल्या हवेत जगतं का, जगलं तर कोणत्या ऋतूत फुलतं, हे बघायचं होतं, आणि त्यातला माळव्याचा हिस्सा रजनीच्या वाट्याला आला होता. तिचा प्रबंधच त्यावर. घरात त्याचं नाव पडलं निळा काटा.

तिने अंगणात खापराचे पाच उंच नळ उभे केले, कारण या झाडाचं मूळ सरळ खाली जातं, मुळ्यासारखं. त्यांत शिप्रेची वाळू आणि विटांचा चुरा भरला, रोपं लावली, आणि जाताना वडिलांच्या हातात एक कागद ठेवला. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही वाळू खडखडीत वाळली असेल तरच. खत नाही. सावली नाही. मूळ हलवायचं नाही.

"आणि बाबा," टांग्यात बसता बसता ती म्हणाली, "माया करायची नाही. याला दुर्लक्ष लागतं."

"हो हो, काळजी करू नकोस. दुर्लक्षाकडे मी जातीनं लक्ष देतो," श्रीपादराव म्हणाले.

इथेच सगळं बिघडलं.

शेजारी भय्यासाहेब राहत. ग्वाल्हेरच्या महालाच्या बागेवर तीस वर्षं देखरेख केलेले, निवृत्त, सल्ल्याच्या बाबतीत मात्र अजून नोकरीत. त्यांनी रजनीसाठी देवासचं एक स्थळ धरून ठेवलं होतं आणि मुलीची जात नागपुरात काटे मोजत बसते हे त्यांना पसंत नव्हतं. एकादशीच्या कीर्तनानंतर, भरल्या सभेत, प्रसाद हातात असताना त्यांनी विषय काढला. श्रीपादरावांचा अभिमान दुखावला. ते म्हणाले, "भय्यासाहेब, पुढच्या दिवाळीला निळं फूल दाखवतो. नाही दाखवलं, तर देवासच्या मंडळींना मी स्वतःच्या हाताने पत्र लिहीन आणि रजनीचं शिक्षण थांबवीन."

शब्द गेला. तोही देवासमोर. रजनीला विचारलं होतं का? नाही. अंबिकाबाईंना? त्यांना घरी आल्यावर कळलं, आणि त्या रात्री भात करपला. चुकून करपला असं तुम्ही समजत असाल, तर तुम्ही अंबिकाबाईंना ओळखत नाही.

आता पहिलं रोप. श्रीपादराव थंडीभर पहाटे राम घाटावर स्नानाला जात. येताना तांब्याभर शिप्राजल आणत, ते देवाला, तुळशीला आणि उरलेलं... उरलेलं तीर्थ टाकायचं कुठे? "हे पाणी नव्हे, तीर्थ आहे," असं म्हणून ते पहिल्या नळात घालत. कागदावर जादा पाण्याची मनाई होती, तीर्थाची नव्हती. पौषात रोप बुडापाशी काळं पडलं आणि एका सकाळी आडवं झालं. पत्रात त्यांनी लिहिलं, "पाचही रोपे खुशाल आहेत."

खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी जेवताना त्यांनी मीठ मागितलं नाही, हे त्यांचं प्रायश्चित्त. पण एकदा पाच म्हटलं की पुढच्या पत्रात चार कसे म्हणणार?

दुसऱ्या रोपाचा घात भय्यासाहेबांनी केला, आणि तोही, खरं सांगतो, चांगल्या मनाने. त्यांना स्थळ प्यारं होतं, पण डोळ्यांदेखत झाड खुरटलेलं बघवेना. "अरे, ये क्या रेत में खड़ा कर दिया गरीब को! वाळूत काय आहे खायला? आमच्या महालात गुलाबाला ताक-गूळ पाजायचो आम्ही!" असं म्हणत त्यांनी स्वतः शेणखताचं घमेलं आणलं, त्यावर आंबट ताक ओतलं. रोप फोफावलं. पानं थाळीएवढी. भय्यासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत. महिन्याभरात ते झाड खाऊनपिऊन सुस्तावलेल्या जावयासारखं लवंडलं, ते उठलंच नाही.

"विलायती आहे, पचलं नाही," भय्यासाहेब म्हणाले आणि घमेलं घेऊन घरी गेले.

वैशाख आला. आता उज्जैनीचा वैशाख तुम्हांला काय सांगू, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावलीच्या पट्टीतूनच चालतं. वैशाख-ज्येष्ठ या दोन महिन्यांत आपल्याकडे शिवपिंडीवर गळती टांगतात, भोकाची मातीची घागर, थेंब थेंब पाणी. श्रीपादराव देवळातून आले, भरउन्हात उभं असलेलं तिसरं रोप पाहिलं आणि त्यांना राहवेना. देवाला उन्हाळा लागतो, मग या लेकराला लागत नसेल? त्यांनी तीन बांबूंची तिकाटी केली आणि वर गळती टांगली.

अंबिकाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "रजनीने पाणी ओतू नका म्हटलंय ना?"

"मी कुठे ओततोय? आपोआप पडतंय."

"अहो, ती पिंड नाही, झाड आहे."

"म्हणूनच बेल वाहिला नाही."

अंबिकाबाई आत निघून गेल्या. पण गल्लीतल्या दोन आज्या मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या नळाला प्रदक्षिणा घालू लागल्या, आणि एकीने तर हळदकुंकू वाहिलं. पूजा चालू असतानाच रोप कुजलं. ते गेलेलं आज्यांना कळायला आणखी आठ दिवस लागले.

चौथं रोप पावसाआधी गेलं. तिन्हींचं मूळ कुजलं, आता याचं तर कुजत नसेल ना, या काळजीने श्रीपादरावांनी ते उपटून पाहिलं. मूळ उत्तम होतं. पांढरंस्वच्छ, गाजरासारखं. वाचलं म्हणून त्यांनी देवाला हात जोडले आणि परत लावायला गेले, तर अर्धं मूळ हातात नि अर्धं नळात. कीर्तनात भक्ताची परीक्षा बघायला देव येतो. इथे भक्तच परीक्षा बघायला गेला.

त्या संध्याकाळी ते उंबऱ्यावर बसून राहिले. चार नळ रिकामे, पाचव्यात एक वीतभर काटा, घरात चार खोटी पत्रं लिहिलेली दौत, आणि देवासला लिहायच्या पाचव्या पत्राची धास्ती. रजनी उन्हाळ्यातही आली नव्हती. प्रोफेसरांबरोबर पचमढीला रोपं गोळा करत होती. बापाच्या पत्रावर विसंबून.

अंबिकाबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "हे बघा, तुमच्याकडून दुर्लक्ष होणार नाही. तो तुमचा पिंडच नाही. तुम्ही आता दुर्लक्ष करणारं कोणी शोधा. पण पक्कं हवं हो! ज्याच्याकडे वस्तू दिली की तो तिच्याकडे ढुंकून बघणार नाही असं."

श्रीपादराव विचार करू लागले. आणि एकदम उठून उभे राहिले.

"अहो, माझी कचेरी!"

फ्रीगंजपलीकडच्या त्या कचेरीत संस्थानी काळापासूनचे कागद होते. शिंदेशाही गेली, मध्यभारत आला, पण कागद जागचे हलले नव्हते. मागच्या अंगणात चुना, विटा आणि रेतीचा एक ढीग होता. कधीकाळी भिंत दुरुस्त करायची म्हणून आणलेला. भिंत नंतर पडली, ढीग राहिला. दिवसभर ऊन, पाणी ठरायला जागा नाही, आणि माणूस फिरकायची सोय नाही. श्रीपादराव पाचवा नळ टांग्यात उभा धरून घेऊन गेले, ढिगाच्या मध्यभागी रोवला आणि पाठ फिरवून, एकदाही मागे न बघता आपल्या टेबलावर येऊन बसले. डोळे पुसायला त्यांनी एक फाईल तोंडासमोर धरली होती, असं त्यांच्या शेजारचे कारकून सांगतात.

आणि काय चमत्कार! पाऊस आला, गेला. काटा वाढला. आषाढात दीड वीत, श्रावणात हातभर. भाद्रपदात देठाला निळी झाक आली. कोणी बघितलं नाही, कोणी पाणी घातलं नाही, कोणी सल्ला दिला नाही. सरकारी यंत्रणेची ही ताकद मला तरी त्याआधी माहीत नव्हती.

पण दैव म्हणतात ते हेच. त्याच वर्षी प्रांतांची नवी मांडणी ठरली. मध्यभारत एक नोव्हेंबरपासून संपणार, मध्यप्रदेश सुरू होणार, राजधानी भोपाळ. कचेऱ्या भोपाळला हलणार. दसऱ्याला जबलपूरकडून एक तरुण अधिकारी आले, विलास सबनीस नावाचे. त्यांचं काम एकच, प्रत्येक जंगम वस्तूला क्रमांक द्यायचा आणि पुढे लिहायचं: भोपाळ, उज्जैन किंवा रद्दी.

दोनशे वर्षं जिकडे कोणी बघितलं नव्हतं तिकडे सगळे बघायला लागले! झाडलोट, चुना, गेरू. चपराशी माणिकलालला हुकूम झाला, "पीछे वो जो पौधा है, उसको रोज दो बाल्टी पानी." आणि यादीत लिहिलं गेलं: क्रमांक चारशे बारा, खापरी नळ, एक, फुलझाडासह, भोपाळ.

श्रीपादरावांनी ते वाचलं आणि कानावरची पेन्सिल गळून पडली. ते तसेच साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, ते झाड माझं आहे. म्हणजे माझ्या मुलीचं."

"पुरावा?"

"पुरावा कसला साहेब, मी स्वतः टांग्यातून आणलं."

"सरकारी आवारात आहे, सरकारी ढिगावर आहे. तुमचं म्हणायला कागद लागेल, भालेराव."

कागद होता. रजनीचं शेवटचं पत्र कोटाच्या खिशातच होतं. त्यांनी ते पुढे केलं. साहेबांनी मोठ्याने वाचलं, कारण मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती, आणि ऐकायला अख्खी कचेरी जमली. "ती. बाबा, पाचही निळे काटे खुशाल आहेत हे वाचून किती आनंद झाला..."

साहेब थांबले. "पाच? यादीत एक आहे. बाकीची चार सरकारी वस्तू कुठे आहेत?"

"ती सरकारी नव्हेत साहेब..."

"पाच रोपांचा एक संच. एक तुमचं म्हणता, तर चारांचा खुलासा द्या. चार आहेत कुठे?"

श्रीपादरावांनी भोवती पाहिलं. दाराशी भय्यासाहेब. पेन्शनच्या कागदावर सही घ्यायला नेमके आजच आले होते! एक शब्द बोललं की खोटेपणा चव्हाट्यावर, न बोललं तर झाड भोपाळला. त्यांनी डोळे मिटले, आणि मग, काय सांगू तुम्हांला, तो मनुष्य उभ्या उभ्या कीर्तनालाच लागला. आधी नमन केलं. मग पहिल्या रोपाचं आख्यान, तीर्थाचा महिमा आणि त्यातला घात. दुसऱ्या रोपाला घमेलं आणि ताक. गळतीचा प्रसंग आला तेव्हा हातातले दोन पेपरवेट झांजांसारखे वाजायला लागले. कारकुनांतल्या कोणी तरी "वाहवा" म्हटलं, एक जण "पुढे, पुढे" म्हणाला. "माझ्या मायेने मारली साहेब, चारही मारली! आणि मुलीला लिहिलं, खुशाल आहेत!"

सबनीससाहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "हे असं चालणार नाही."

"नाही ना..."

"मुद्देसूद लिहून द्या. रोप क्रमांक, तारीख, पाणी किती, खत किती, मृत्यूचं कारण. तीन प्रतींत."

श्रीपादराव चार दिवस लिहीत बसले. थंडीतले तांबे मोजले, घमेल्यातलं ताक भय्यासाहेबांना विचारून घेतलं ("अडीच शेर लिहा, कमी नको"), गळती किती वेळात रिकामी होई ते अंबिकाबाईंनी सांगितलं. चौथ्याच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "मुळाची चौकशी." सही केली. साहेबांनी वाचलं, शिक्का मारला आणि कारकुनाला म्हणाले, "एक प्रत दफ्तरी, एक अर्जदाराला, आणि एक वस्तूच्या मूळ मालकाला. पत्ता नागपूर."

"साहेब! ती प्रत..."

"नियम आहे, भालेराव."

गेली प्रत. सरकारी लिफाफ्यात, शिक्क्यासह.

पुढे झाड ताब्यात द्यायची वेळ आली. दोन हमालांनी नळ उचलायला हात घातला. हलेना. माती उकरून बघतात तो मूळ नळातून उतरून ढिगात, ढिगातून जमिनीत गेलेलं. श्रीपादराव किंचाळले, "ओढू नका!" सबनीससाहेब स्वतः ढिगावर चढले. वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग यादी मागवली, क्रमांक चारशे बारावर रेघ मारली आणि म्हणाले, "ही यादी जंगम वस्तूंची आहे. हे झाड जमिनीत रुजलं. म्हणजे स्थावर. स्थावर भोपाळला जात नाही. तुमच्या घरीही जात नाही. राहील इथेच. माझ्याकडून विषय संपला."

विषय त्यांचा संपला. श्रीपादरावांचा आता कुठे सुरू होत होता. धनत्रयोदशीला रजनी यायची होती. त्या दिवशी ते स्टेशनवर गेलेच नाहीत. ते कचेरीत त्या ढिगापाशीच जाऊन बसले, खिशात देवासचा पत्ता. भय्यासाहेब सोबतीला आले होते. सोबतीला की साक्षीला, ते त्यांनाच ठाऊक. काट्याला आठदहा बोंडं धरली होती, पण अजून राखाडी.

टांगा थेट कचेरीशीच थांबला. अंबिकाबाईंनी स्टेशनवरच सांगितलं असावं. रजनी उतरली ती हातात सरकारी लिफाफा घेऊन. श्रीपादराव उभे राहिले. "रजू, मी..."

"बाबा, गळतीतून दिवसाला चार घागरी जात होत्या की साडेचार? तुम्ही दोन्ही लिहिलंय."

"अं?"

"आणि पहिल्याचं बूड आधी काळं पडलं की पानं आधी पिवळी झाली? सांगा ना, सर विचारत होते." ती धापा टाकत बोलत होती. "सर म्हणाले, नागपुरात आमच्या तिघांची मिळून अकरा रोपं मेली आणि कशाने मेली हे एकालाही सांगता येत नाही. आणि उज्जैनीहून एक माणूस तारखांनिशी, मापांनिशी, सहीशिक्क्यानिशी कळवतो की कशाकशाने मरतं! बाबा, अर्धा प्रबंध तुम्ही लिहिलात."

 श्रीपादराव म्हणाले, "मी खोटं लिहिलं होतं गं. चार वेळा."

रजनीने लिफाफा खाली केला. "हो. त्याचा मला राग आलाय. तो मी घरी गेल्यावर काढणार आहे." आणि वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला. उठताना तिची नजर काट्यावर गेली. ती ढिगावर चढली, पदर खोचून खाली बसली आणि बोंडं एकेक करून हातात धरून बघू लागली. "बाबा, हे बघा. पाठीमागचं."

पाठीमागच्या एका बोंडाला, उन्हाच्या बाजूने, तळापासून रंग चढला होता. निळा. झालरसुद्धा निळी.

भय्यासाहेब चष्मा सावरत जवळ आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "फूल आहे. नाही म्हणता येणार नाही." मग खाकरून, "देवासला मी कळवतो. तुम्ही नका लिहू." आणि चार पावलं जाऊन परत वळले. "रजनी बेटी, ते पुस्तक छापाल, त्यात दुसऱ्या रोपापुढे माझं नाव येईल ना? ताक माझं होतं."

रजनी हसत वहीत लिहिता लिहिता थांबली. "पण बाबा, एक कळत नाही. तुमच्याच कागदात आहे, दसऱ्यापासून रोज दोन बादल्या पाणी. अठरा दिवस! मग हे कुजलं कसं नाही?"

 तेव्हा ढिगाच्या कडेला उभा असलेला माणिकलाल चपराशी पुढे आला. पागोटं हातात. "बाईजी, साब बोल्या पानी दो। म्हने पानी तो रोज दियो, पन पौधा के नी दियो, भींत के दियो।" त्याने बोट दाखवलं. पलीकडची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत ओली होती, शेवाळ धरलेली. "बाबूजी एक दिन फाइल की आड़ में रोया था। म्हने देख्यो। जद समझ ग्यो के इस झाड़ को छूनो नी है।"

श्रीपादरावांनी ते ऐकलं आणि सगळ्या कचेरीदेखत माणिकलालला मिठी मारली. हुकूम तर मोडला नाही, आणि झाडही मरू दिलं नाही. सबनीससाहेब खिडकीत उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि, तिथला एक कारकून सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदाच काही लिहून घेतलं नाही.

कचेरी भोपाळला गेली. माणिकलालची जागा नव्या मांडणीत कुठे बसली नाही. तो आपल्या गावी, आगरकडे गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. रजनी नागपुरात शिकवते. काटा अजून त्या ढिगावर दरसाल फुलतो.

ते बघा, बुवा आले वाटतं, टांग्याचा आवाज येतोय. बसा नीट. एवढंच करा, कीर्तन संपल्यावर आरतीच्या ताटावर हात फिरवाल, तेव्हा आपल्या घरच्यांबरोबर त्या माणिकलालचीही एकदा आठवण काढा.